मालकी, भाडेपट्टा आणि मौखिक संहिता

१

आंतरजालावरील सेवा आपल्या वापरकर्त्यांकडून त्यांच्या लेखनाचा, छायाचित्रांचा, गाण्यांचा परवाना का लिहून घेतात, ह्या प्रश्नाचे एक ठरीव उत्तर मराठी साहित्यव्यवहारात रूढ झाले आहे. भांडवलशाहीने जमीन घेतली, श्रम घेतले, आता ती शब्दही घेऊ लागली आहे, असे ते उत्तर. परवान्याच्या कलमातील ‘जगभर’, ‘विनामोबदला’, ‘पुढे इतरांस देता येण्याजोगा’ ही विशेषणे पुरावा म्हणून पुढे केली जातात आणि लेखकाच्या स्वामित्वहक्काचे अपहरण झाले असा निष्कर्ष काढला जातो. हे उत्तर ऐकायला बरे वाटते. त्यात लेखक निरपराध ठरतो, समीक्षक जागरूक ठरतो आणि कायदा वाचण्याचे कष्ट कोणालाच घ्यावे लागत नाहीत.

ह्या उत्तरात तीन दोष आहेत. परवाना आणि हस्तांतरण ह्यांतील भेद त्याला ठाऊक नाही, हा पहिला. परवान्याची व्याप्ती हा खरा वादविषय असताना ते परवान्याच्या अस्तित्वावरच हल्ला चढवते, हा दुसरा. परवाना देणारा हात मुळात कोणाचा आहे, हा प्रश्न ते विचारतच नाही, हा तिसरा. तिसरा दोष सर्वांत गंभीर आहे. कारण त्याचा संबंध केवळ परदेशी कंपन्यांशी नसून मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासाने गेले शतकभर जोपासलेल्या एका सवयीशी आहे.

ह्या भूमिकेतील अंतर्विरोधाकडेही प्रारंभीच लक्ष वेधले पाहिजे. रोलां बार्त ह्यांच्या लेखकाच्या मृत्यूसंबंधीच्या निबंधाचा आणि मिशेल फूको ह्यांच्या १९६९ च्या ‘लेखक म्हणजे काय’ ह्या व्याख्यानाचा हवाला देत संहिता ही लेखकाच्या मालकीची नसते, असे सांगण्यात मराठी समीक्षेची काही दशके गेली. तीच समीक्षा आज परवान्याच्या कलमासमोर उभी राहिली की एकाएकी लेखकाच्या अविभाज्य मालकीची भाषा बोलू लागते. फूको ह्यांच्या प्रतिपादनाचा एक भाग सोयीस्करपणे विसरला जातो. लेखनाला लेखक चिकटला तो प्रथम शिक्षेसाठी; कोणाला धरायचे हे कळावे म्हणून. मालकी आणि जबाबदारी ह्या एकाच नाण्याच्या बाजू असतील, तर परवान्याचा विचार करतानाही दोन्ही बाजू पाहाव्या लागतात.

२

गोंधळाचे एक मूळ मराठी शब्दातच आहे. पुस्तकाच्या आतल्या पानावर ‘स्वामित्वहक्क’ हा शब्द छापण्याची प्रथा आहे. स्वामित्व म्हटले की जमिनीचा तुकडा डोळ्यांपुढे येतो: एक सातबारा, एक नाव, एक बांध, आणि बांधाच्या आत पाऊल टाकणारा तो अतिक्रमण करणारा. ‘प्रताधिकार’ हा परिभाषेतील शब्द रुक्ष असला तरी अधिक नेमका आहे. तो प्रतींसंबंधीचा अधिकार सांगतो. १९५७ च्या भारतीय कायद्याचे कलम १४ वाचले तर तेथे मालकी नावाची एकसंध वस्तू आढळत नाही. आढळते ती कृतींची यादी. कृतीची पुनर्निर्मिती करणे, प्रती लोकांत वितरित करणे, ती लोकांसमोर सादर करणे, तिचे भाषांतर करणे, रूपांतर करणे. ह्यांपैकी कोणतीही एक कृती करण्याची मुभा लेखक दुसऱ्यास देऊ शकतो आणि उरलेल्या सर्व स्वतःकडे राखू शकतो. ही मुभा म्हणजे परवाना. अधिकारच दुसऱ्याच्या नावे करणे म्हणजे हस्तांतरण. घरात राहू देणे आणि घर विकणे ह्यांतला हा फरक आहे. तो न समजता केलेली टीका कितीही आवेशपूर्ण असली तरी चुकीच्या पत्त्यावर गेलेली असते.

ही गुंतागुंत आंतरजालाने निर्माण केलेली नाही. मेहकरला वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे ह्यांची ‘शीळ’ ही कविता गजानन वाटवे ह्यांच्याही आधी जी. एन. जोशी ह्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवर आली आणि मराठी भावगीताच्या इतिहासाचा आरंभ अनेक अभ्यासक तेथून मानतात. कविता कागदावरून चालीत, चालीतून आवाजात, आवाजातून तबकडीवर आणि तबकडीवरून नभोवाणीवर जाते, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने प्रत्येक टप्प्यावर एक नवी कृती घडते आणि प्रत्येक कृतीसाठी कोणाची तरी मुभा लागते. देशपांडे २००० साली निवर्तले. म्हणजे त्यांच्या कवितेवरील प्रताधिकार २०६० अखेरपर्यंत चालेल. ह्या काळात ती कविता ज्या ज्या नव्या माध्यमात जाईल तेथे मुभेचा प्रश्न पुन्हा उपस्थित होईल. आंतरजालाने ह्या टप्प्यांची संख्या वाढवली आणि ते क्षणार्धात उरकू लागले, एवढेच.

मेहकरच्या शेजारी, सिंदखेडराजा तालुक्यात, साखरखेर्डा हे गाव आहे. प्रल्हाद महाराज रामदासी ह्यांच्यामुळे ते भक्तिपरंपरेत ओळखले जाते. अशा गावात झालेल्या एखाद्या कीर्तनाचे भ्रमणध्वनीवर केलेले चित्रण कोणी यूट्यूबसारख्या सेवेवर चढवले, असे समजू. चढवणाऱ्याच्या लेखी ही एक कृती असते. प्रत्यक्षात त्या चित्रणाच्या लहानमोठ्या आकारांच्या अनेक प्रती तयार होतात, कारण मुंबईतील वेगवान जोडणीला आणि खेड्यातील मंद जोडणीला एकच प्रत चालत नाही. त्या प्रती निरनिराळ्या देशांतील यंत्रांवर साठवल्या जातात. एक छोटे चित्र वेगळे काढून सूचीत लावले जाते. बोललेल्या शब्दांचा मजकूर यंत्र उतरवते. मग कोणी ते पाहायला मागितले की ते लोकांस संसूचित केले जाते. १९९४ च्या दुरुस्तीने विद्युत माध्यमात साठवणे हेही पुनर्निर्मितीतच समाविष्ट केले. कलम ५२ मध्ये केवळ प्रसारणाच्या तांत्रिक ओघात होणाऱ्या क्षणिक वा आनुषंगिक साठवणुकीला सूट आहे. वर्षानुवर्षे ठेवलेल्या प्रतीला ती सूट लागू करणे कठीण आहे. मुभेवाचून जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनास कलम ६३ खाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. परवाना न घेता ही सेवा चालवायची, तर ती चालवणाऱ्याने प्रत्येक चित्रणागणिक खटला ओढवून घ्यायचा. म्हणून परवाना लागतो. त्यात गूढ काही नाही, आणि परवाना मागणे म्हणजे मजकूर दुसऱ्याचा आहे हे कबूल करणे होय. स्वतःच्या वस्तूसाठी कोणी परवाना मागत नाही.

३

ज्या विशेषणांनी समीक्षक संतापतात त्यांचाही उगम कायद्यातच शोधता येतो. कलम १९ हस्तांतरणाविषयीचे आहे. कलम ३०अ ते योग्य त्या फेरफारांसह परवान्यालाही लावते. त्यानुसार मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे मानायची; प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानायचा; आणि दिलेला अधिकार एका वर्षात वापरला नाही तर, अन्यथा लिहिलेले नसल्यास, तो संपुष्टात आला असे समजायचे. ह्या तरतुदी लेखकाच्या रक्षणासाठी आहेत आणि त्या योग्यच आहेत. पण त्यांचा परिणाम असा की परवान्यात ‘जगभर’ हा शब्द नसेल, तर साखरखेर्ड्याचे कीर्तन दुबईत नोकरी करणाऱ्या तेथीलच मुलाला दाखवताना सेवेला मुभा असल्याचे सांगता येणार नाही. मुदत नसेल तर पाच वर्षांनी ते काढून टाकावे लागेल. ‘पुढे देता येण्याजोगा’ हे विशेषण नसेल, तर जी दुसरी कंपनी साठवणुकीची यंत्रे पुरवते तिला प्रत ठेवता येणार नाही. ‘विनामोबदला’ नसेल, तर प्रत्येक दर्शनागणिक हिशेब मागता येईल. विशेषण कानाला खुपते म्हणून ते निराधार ठरत नाही.

२०१२ च्या दुरुस्तीत एक बारीक बदल झाला, त्याकडे साहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. कलम ३० मध्ये परवाना लेखी आणि स्वाक्षरीचा हवा असे पूर्वी होते. त्यातील स्वाक्षरीची अट काढण्यात आली. हस्तांतरणाच्या बाबतीत मात्र कलम १९ मधील स्वाक्षरीची अट तशीच राहिली. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने विद्युत अभिलेखाला लेखी दस्तऐवजाचा दर्जा दिला आहे. ह्या तिन्हींचा एकत्रित अर्थ स्पष्ट आहे. ‘मान्य’ असे लिहिलेली कळ दाबल्याने परवाना देता येतो. केवळ त्या दाबण्याने लेखक आपला प्रताधिकार गमावून बसत नाही. शिवाय कलम ५७ मधील लेखकाचे विशेष अधिकार, म्हणजे लेखक म्हणून ओळखले जाण्याचा आणि विकृतीला विरोध करण्याचा अधिकार, हस्तांतरणानंतरही त्याच्यापाशी राहतात. मन्नू भंडारी ह्यांच्या ‘आपका बंटी’ ह्या कादंबरीवरील चित्रपटासंबंधी दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ साली दिलेल्या निकालाने ही गोष्ट साहित्यिकांच्या ओळखीची करून दिली आहे. अपहरणाचा आरोप ह्या कायद्यासमोर टिकत नाही.

परवाना हे एकतर्फी शस्त्रही नाही. सुपर कॅसेट्स विरुद्ध मायस्पेस ह्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने २०११ साली, सेवेने वापरकर्त्याकडून घेतलेली फेरफाराची मुभा आणि मजकुरासोबत लावलेल्या जाहिराती ह्या गोष्टी तिच्याविरुद्ध धरल्या होत्या. २०१६ साली खंडपीठाने ती भूमिका बदलली आणि यंत्राने आपोआप केलेल्या फेरफारावरून सेवेला उल्लंघनाची जाण होती असे ठरत नाही असे मानले. निकाल काहीही असो. घेतलेला परवाना हा घेणाऱ्याच्या जबाबदारीचाही लेख असतो, आणि तो त्याच्याविरुद्ध वाचता येतो. परवाना गर्भित असावा, लिहू नये, असे सुचवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. जे लिहिलेले नाही त्याचा अर्थ शेवटी बलवानाच्या सोयीने लागतो. लिहिलेल्या संहितेची निदान समीक्षा करता येते.

४

मग टीकेला जागाच उरत नाही काय? उरते, आणि ती मोठी आहे. पण ती अन्यत्र आहे. ती दाखवण्यासाठी साखरखेर्ड्याच्याच इतिहासाकडे वळणे उपयुक्त ठरते. १७२४ च्या ऑक्टोबरात निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान ह्यांची लढाई ह्या गावाजवळ झाली. मुबारिझखान मारला गेला आणि दख्खनमधील आसफजाही सत्तेचा पाया पक्का झाला. विजयाची खूण म्हणून निजामाने गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवले. लोकांच्या तोंडी मात्र साखरखेर्डा हेच नाव राहिले आणि आजही तेच चालते. वऱ्हाडावरील निजामाच्या मालकीची कहाणी ह्या लढाईशी अशी जोडलेली आहे. तिचा पुढचा भाग परवान्याच्या प्रश्नाशी थेट भिडतो.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला. हैदराबाद कॉन्टिन्जंट ह्या फौजेचा खर्च त्यातून भागायचा होता. १९०२ साली, लॉर्ड कर्झन ह्यांच्या कारकीर्दीत, हा व्यवहार नव्याने लिहिला गेला. वऱ्हाडवरील निजामाचे सार्वभौमत्व इंग्रजांनी मान्य केले आणि वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने घेतले. कागदावर मालकी निजामाची. महसूल, न्याय, पोलीस, कायदा सर्व इंग्रजांचे. मीर उस्मान अली ह्यांनी १९२३ साली वऱ्हाड परत मागितले. व्हाइसरॉय रीडिंग ह्यांनी १९२६ च्या पत्रात ती मागणी फेटाळली आणि ब्रिटिश सत्तेच्या सर्वोच्चतेची जाणीव निजामाला करून दिली. १९३६ च्या कराराने मालकीचा मान पुन्हा एकदा मोठ्या आदराने उच्चारला गेला आणि निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. वऱ्हाड मात्र मिळाले नाही.

‘तुमच्या मजकुराची मालकी तुमचीच राहील’ हे आंतरजालावरील सेवांच्या अटींतील वाक्य वाचताना १९०२ चा हा करार आठवावा. मालकी आणि वापर वेगळे करता येतात एवढेच त्या वाक्याने सिद्ध होते. वापर किती काळासाठी, कोणत्या हेतूसाठी, कोणकोणाकडे जाणार आणि परत मागितल्यास मिळणार काय, ह्यांवर मालकीची किंमत ठरते. कायमचा, अपरिवर्तनीय आणि हेतूची मर्यादा नसलेला परवाना हा नावापुरताच परवाना असतो. व्यवहारात तो हस्तांतरणाच्या शेजारी जाऊन बसतो. म्हणून परवाना का घेता असे विचारून भागत नाही. केवढा घेता असे विचारावे लागते.

हा दुसरा प्रश्न विचारला गेला तेव्हा त्याला उत्तरही मिळाले आहे. १९९९ साली याहूने जिओसिटीज ही सेवा विकत घेतल्यावर तेथील सदस्यांच्या मजकुरावर फार व्यापक अधिकार सांगितला. सदस्यांनी विरोध केला आणि अटी बदलल्या गेल्या. २००९ च्या फेब्रुवारीत फेसबुकने मजकूर काढून टाकल्यावर परवाना संपेल हे आश्वासन अटींतून वगळले. दोन आठवड्यांच्या आत जुन्या अटी परत आणाव्या लागल्या. २०१२ च्या डिसेंबरात इन्स्टाग्रामने सदस्यांची छायाचित्रे जाहिरातींशी जोडण्याविषयी नवी भाषा आणली आणि ती मागे घेतली. ह्या तिन्ही वेळी परवाना राहिला. त्याची व्याप्ती आक्रसली. ज्यांनी कलम शब्दशः वाचले त्यांनी हे मिळवले. ‘शब्दांची लूट’ असे घोषवाक्य करणाऱ्यांच्या पदरी असे काही पडल्याचे दिसत नाही.

आज व्याप्तीचा प्रश्न अधिक तीव्र झाला आहे. एक्स ह्या सेवेने २०२४ च्या नोव्हेंबरपासून लागू केलेल्या अटींत सदस्यांच्या मजकुरावर यंत्रांना शिकवण्याची मुभा परवान्यातच स्पष्टपणे घातली. त्याच महिन्यात एएनआय ह्या वृत्तसंस्थेने आपल्या मजकुराच्या अशाच वापराबद्दल ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. कीर्तन लोकांना दाखवता यावे म्हणून दिलेली मुभा, आणि त्याच कीर्तनाच्या भाषेवर यंत्राला पोसण्यासाठी घेतलेली मुभा, ह्या दोन निराळ्या मुभा आहेत. पहिलीवाचून सेवा चालत नाही. दुसरीवाचून ती उत्तम चालते. दुसरी पहिलीच्या पोटात लपवणे हा खरा आक्षेपार्ह व्यवहार होय. हे म्हणता येण्यासाठी पहिली मुभा रास्त आहे हे आधी मान्य करावे लागते. सर्वच परवान्यांना लूट म्हणणारी समीक्षा हा भेद करण्याचे साधन स्वतःच्या हातांनी मोडून टाकते.

५

वऱ्हाडच्या भाडेपट्ट्यात आणखी एक गोष्ट होती. १८५३ चा तह असो, १९०२ चा करार असो, की १९३६ चा. देणारा निजाम होता आणि घेणारे इंग्रज. ज्या शेतकऱ्याच्या कष्टातून ते २५ लाख रुपये उभे राहत, त्याला कोणीही विचारले नाही. जमिनीच्या बाबतीत स्वातंत्र्यानंतर १९५८ च्या विदर्भ कूळ कायद्याने निदान कसणाऱ्याची दखल घेतली. शब्दांच्या बाबतीत ही दखल अजून रुजलेली नाही, आणि तिसऱ्या दोषाचा विचार येथून सुरू होतो.

कीर्तनाच्या चित्रणाचे उदाहरण पुन्हा पाहावे. अभंग संतांचा आहे; त्यावर कोणाचाही प्रताधिकार नाही. पण निरूपण कीर्तनकाराचे आहे, आवाज त्याचा आहे, साथ टाळकऱ्यांची आहे. ‘मान्य’ ही कळ मात्र दाबतो तो चित्रण करणारा. हीच गोष्ट जात्यावरच्या ओवीची, भारुडाची, गोंधळाची. नातवाने आजीची ओवी मुद्रित केली आणि सेवेवर चढवली, तर जगभर चालणारा, पुढे देता येण्याजोगा परवाना देणारा नातू असतो. जे त्याचे नाही तेही तो देत असतो. अटींची संहिता एक वाचक गृहीत धरते. ती म्हणते, ‘तुम्ही’ हा मजकूर निर्माण केला आहे किंवा त्याचे आवश्यक हक्क ‘तुमच्यापाशी’ आहेत. ह्या सर्वनामात भ्रमणध्वनी धरणारा आणि गाणारी एकच मानले गेले आहेत. मौखिक परंपरेच्या बाबतीत हे गृहीतक बहुधा खोटे असते. परवान्याची साखळी कितीही काटेकोर असो, तिची पहिली कडी चुकीच्या हातात असेल तर पुढच्या सर्व कड्या हवेत लोंबकळतात.

कायदा ह्या बाबतीत साहित्यशास्त्राच्या पुढे आहे, ही नामुष्कीची गोष्ट म्हटली पाहिजे. १९९४ च्या दुरुस्तीने ‘प्रयोगकर्ता’ ही संज्ञा कायद्यात आणली. नट, गायक, वादक, नर्तक ह्यांच्या बरोबरीने कसरती करणारा, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारा हेही तिच्या कक्षेत आहेत. ज्या वर्गात गारुडी बसतो तेथे कीर्तनकार, वासुदेव आणि ओवी गाणारी बाई ह्यांना जागा नाही असे कोण म्हणेल? प्रयोगकर्त्याचा अधिकार आता ५० वर्षे चालतो. २०१२ च्या कलम ३८अ ने प्रयोगाचे मुद्रण, साठवण आणि संसूचन ह्यांवर त्याचा अधिकार सांगितला. ३८ब ने त्याला आपले नाव घेतले जाण्याचा आणि विकृतीला विरोध करण्याचा अधिकार दिला. ओवीची रचनाकर्ती अनाम असली तरी ती गाणारी अनाम नाही, हे संसदेने मान्य केले आहे. मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासाने ते पुरतेपणी मान्य केलेले नाही.

६

कारण स्पष्ट आहे. लोकगीतांच्या संग्रहांच्या मुखपृष्ठावर संकलकाचे नाव असते. आतल्या पानावर ‘सर्व हक्क संकलकाकडे’ असे छापण्यात कोणाला काही खटकत नाही. गाणाऱ्या बाया प्रस्तावनेतील एका कृतज्ञ वाक्यात ‘खेड्यापाड्यांतील मायबहिणी’ होऊन विरून जातात. त्यांच्याकडून लेखी सोडा, तोंडी मुभाही घेतली होती काय, ह्याची नोंद विरळाच सापडते. सिद्धान्ताच्या पातळीवर ह्याचे समर्थन तयारच असते: लोकसाहित्य सामूहिक असते, त्याला कर्ता नसतो. कर्ता नसलेल्या संहितेला संकलनकर्ता मात्र असतो, आणि त्याला मानधनही असते! ज्या व्यवहारात परवाना मागण्याचीसुद्धा गरज वाटली नाही, त्या व्यवहाराच्या वारसदारांनी परवाना मागणाऱ्यांना लुटारू ठरवावे, ह्यात विसंगती आहे. परदेशी कंपनी निदान कळ दाबायला लावते.

ह्याला सन्मान्य अपवाद आहेत आणि ते बरेच काही शिकवतात. बहिणाबाई चौधरी लिहू शकत नव्हत्या. त्यांची गाणी सोपानदेव चौधरी आदींनी उतरवून घेतली. १९५२ साली ती बहिणाबाईंच्या नावाने ग्रंथरूप झाली. लिहून घेणारा हात कवीचा मुलगा आणि स्वतः कवी असूनही तो कर्ता झाला नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ ह्यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या गाणारीच्या आणि तिच्या गावाच्या नोंदीसह. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया ह्या संस्थेने पुढे त्या प्रकाशित करताना ही नावे जपली. लोकसाहित्याला नाव लावता येत नाही हे प्रमेय ह्या दोन उदाहरणांपुढे उभे राहू शकत नाही. नाव लावता येते. लावायची इच्छा लागते.

वाङ्मयीन नियतकालिकांनाही ह्या प्रश्नापासून दूर राहता येणार नाही. मराठी नियतकालिकांचा व्यवहार बहुतांशी विश्वासावर चालत आला. लेख पाठवला, छापला, मानधन मिळाले किंवा मिळाले नाही. कोणता हक्क कोणी कोणाला दिला हे लिहिण्याची रीत नव्हती. आता जुने अंक आंतरजालावर आणण्याची इष्ट चळवळ सुरू झाली आहे. परंतु २०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ ला जोडलेले परंतुक सांगते की हस्तांतरणाच्या वेळी जे माध्यम अस्तित्वात वा व्यापारी वापरात नव्हते, त्याला ते हस्तांतरण, त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख नसल्यास, लागू होणार नाही. जेथे लेखी हस्तांतरणच नाही तेथे तर प्रश्न अधिकच बिकट. साठच्या दशकातील एखाद्या लघुनियतकालिकातील कविता आज अभ्यासकासमोर ठेवायची, तर कवीच्या वारसांपर्यंत पोचावे लागते. साने गुरुजींचे लेखन २०११ पासून आणि मर्ढेकरांचे २०१७ पासून सर्वांना खुले झाले. त्यांच्या नंतरच्या पिढ्यांचे लेखन परवान्याअभावी अनेक दशके कपाटांत अडकून पडू शकते. परवान्याला लूट म्हणत राहिल्याची ही किंमत आहे, आणि ती पदव्युत्तर वर्गातील त्या विद्यार्थ्याला मोजावी लागते, ज्याच्या गावी ते कपाट नाही.

म्हणून आग्रह धरायचा तो परवाना नष्ट करण्याचा नव्हे, तो नीट लिहिण्याचा. सेवा चालवण्यापुरती मुभा वेगळी असावी आणि मजकूर काढून घेतल्यावर ती वाजवी काळात संपावी. यंत्रांना शिकवण्याची मुभा स्वतंत्रपणे मागितली जावी आणि ती नाकारली तरी सेवा मिळावी. जेथे चढवणारा आणि गाणारा भिन्न आहेत तेथे गाणाऱ्याची संमती आणि नाव ह्यांसाठी परवान्याच्या नमुन्यातच जागा असावी. हीच तिन्ही कलमे विद्यापीठांच्या मराठी विभागांनी आपल्या क्षेत्रकार्याला, लोकसाहित्याच्या प्रकल्पांना आणि नियतकालिकांनी आपल्या लेखकांशी होणाऱ्या पत्रव्यवहाराला लावून घ्यावीत. क्षेत्रकार्याच्या वहीत गाणारीचे नाव, तिचे गाव, तिने कशाला होकार दिला आणि कशाला नाही, एवढ्या चार ओळी असल्याशिवाय लोकगीतांवरील प्रबंध स्वीकारू नये. असे एकाही विभागाने केले, तर आंतरजालावरील सेवांच्या अटींवर बोट ठेवण्याचा नैतिक अधिकार मराठी समीक्षेला प्राप्त होईल. तोवर साखरखेर्ड्याची ओवी कोणाची, ह्या प्रश्नावर विद्यापीठ आणि कंपनी ह्यांचे उत्तर एकच राहणार आहे: ज्याच्या हातात यंत्र, त्याची.